पाण्याच्या टाकीजवळचा बाक

गेल्या अंकात एका प्रश्नाचं उत्तर देता देता मी सहज लिहून गेलो की मी 17 वर्षं इथे इंदूरला एका शाळेत चॅप्लेन, म्हणजे शाळेचा पाळक (पाद्री) होतो, आणि झालं, या महिन्यात निम्मी पत्रं त्याच्यावरच. म्हणून या वेळी सासू-सून, प्लॉटची वाटणी, गुडघेदुखी सगळं बाजूला, फक्त हाच विषय. नावं सगळ्यांची काढलीयेत, पत्रंही थोडी कापलीयेत, रागावू नका.

प्रश्न : मी मूळचा नगरकडचा, वय 26, बी.डी. (पाळक होण्याची पदवी) आत्ताच पूर्ण झालंय. इंदूरच्या एका शाळेतून चॅप्लेन म्हणून बोलावणं आलंय. पण तिथे मुलं जवळजवळ सगळी हिंदू, काही जैन, काही मुसलमान, ख्रिस्ती अगदी बोटावर मोजण्याइतकी. मग मी तिथे करायचं काय? उपदेश कोणाला करू? घरचे म्हणतात सरळ एखादी मंडळी (चर्च) घे, शाळेत काय ठेवलंय.
(एक तरुण पाळक, सध्या पुणे)

उत्तर : तू माझ्या धाकट्याच्या वयाचा, म्हणून अरेतुरेच करतो. मंडळी काय, नंतरही मिळेल. शाळा मिळत असेल तर ये.

आधी हा शब्द कुठनं आला ते सांगतो, कारण सेमिनरीत हे सांगतात आणि आपण परीक्षा झाली की विसरतो. चौथ्या शतकात मार्टिन नावाचा एक रोमन शिपाई होता, कडाक्याच्या थंडीत शहराच्या वेशीपाशी त्याला एक उघडा भिकारी दिसला, याच्याकडे द्यायला दुसरं काहीच नव्हतं म्हणून त्यानं तलवारीनं अंगावरचा झगा मधोमध फाडला आणि अर्धा त्याला दिला, अशी गोष्ट आहे. पुढे हा मार्टिन बिशप झाला, संत झाला, आणि त्याचा तो झगा लोकांनी जपून ठेवला. लॅटिनमधे झग्याला काप्पा, आणि तो सांभाळणारा तो काप्पेलानुस, त्याच्यावरनंच चॅपेल आणि चॅप्लेन. म्हणजे आपण मुळात अर्ध्या झग्याचे राखणदार. मंडळीचा पाळक आपल्या लोकांचा असतो, चॅप्लेन एखाद्या जागेचा असतो, हॉस्पिटल, जेल, पलटण, शाळा, आणि त्या जागेत जो येईल तो त्याचा. इथून तासाभरावर महूची छावणी आहे, फौजेत पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री असे सगळे धर्मशिक्षक असतात आणि त्यांना ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरचा दर्जा असतो, तिथे कोणी विचारत नाही की हे कशाला. शाळेत मात्र विचारतात. तुलाही विचारतील, तयारी ठेव.

आता काम. कागदावर असं दिसेल : सकाळी असेम्ब्लीत पाच मिनिटं, आठवड्याला मॉरल सायन्सचे पीरियड, त्याच वेळी ख्रिस्ती मुलांचा शास्त्राभ्यास वेगळ्या खोलीत, नाताळचा कार्यक्रम, होस्टेल असेल तर संध्याकाळची चक्कर, आणि इंग्लिशचे सर सुट्टीवर गेले की त्यांचा वर्ग, कारण नुसता चॅप्लेन पोसणं बहुतेक शाळांना परवडत नाही. हे सगळं तुला महिन्याभरात जमेल.

खरं काम मधल्या सुट्टीत. आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीजवळ कडुनिंबाखाली एक सिमेंटचा बाक होता, मी रोज सुट्टीत तिथे जाऊन बसायचो. पहिले तीन महिने कोणीही आलं नाही, काळं कुत्रंही नाही, मी आपला चणे खात बसलेला. मग एक दिवस नववीतला एक पोरगा आला, म्हणे सर सेलोटेप है क्या. मी स्टाफरूममधनं आणून दिली, त्यानं वहीचं फाटलेलं पान चिकटवलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत आला सेलोटेप मागायला, वही तीच, पण पान या वेळी फाटलेलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानंतर मी खिशात कायम सेलोटेप, सेफ्टी पिन, बुटाची एक नाडी आणि दोन रिफिली ठेवायचो. मुलांना यायला काहीतरी निमित्त लागतं रे. घरी भांडण चाललंय, बाबा परत प्यायला लागलेत, मॅथ्समधे नापास झालोय आणि सही मीच केलीये, हे सांगायला कोणी सरळ उठून येत नाही, सेफ्टी पिन मागायला येतं.

माझी एक घोडचूक सांगतो म्हणजे तू ती करणार नाहीस. पहिल्याच वर्षी एका मुलानं मला सांगितलं की आईला कॅन्सर निघालाय. मी भारावलो, दुसऱ्या दिवशी असेम्ब्लीत पूर्ण शाळेसमोर त्याचं नाव घेऊन, आजाराचं नाव घेऊन, मोठ्या आवाजात प्रार्थना केली. मला वाटलं काय छान झालं, दोन मॅडमच्या डोळ्यात पाणी. तो मुलगा चार दिवस आला नाही. पाचव्या दिवशी आला आणि मला म्हणाला, सर, आता सगळे मला आपला डबा देतात. बस, एवढंच म्हणाला आणि वर्गात गेला. मी त्याची माफी मागितली, त्यानं मान हलवली, पण त्या बाकावर तो परत कधी बसला नाही. त्यानंतर मी विचारल्याशिवाय कोणाचं नाव प्रार्थनेत घेतलं नाही. "नाव घेऊ का, की मनातच ठेवू?" बहुतेक मुलं म्हणतात मनातच.

आणि उपदेश कोणाला करू म्हणतोस ना, तर ऐक. सातवीतला एक मराठी मुलगा, वडील अचानक गेले, हार्ट. दोन आठवड्यांनी शाळेत आला तो मुंडण केलेला. पोरं ती पोरंच, डोक्यावरनं हात फिरवून पळायची. मी प्रिन्सिपलकडनं त्याला टोपी घालायची परवानगी काढून आणली, फार हुशारी केली असं वाटलं मला, तर त्याला टोपी नकोच होती. त्याला वेगळंच विचारायचं होतं. दहाव्याला उज्जैनला शिप्रेवर गेले होते, पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. तासभर शिवेना. आता तू नगरचा, तुला वेगळं सांगायला नको. घरातल्या एकेकानं हात जोडून सांगून झालं, आईला बघू, कर्ज फेडू, तरी नाही. मुलगा मला विचारतो, सर, बाबा माझ्यावर रागावलेत का, आदल्या दिवशी मी त्यांच्याशी भांडलो होतो, मोबाइलवरनं.

माझ्या सेमिनरीत याचं उत्तर कुठे शिकवलं नव्हतं. खरं सांगायचं तर शिकवलं होतं, पण ते उत्तर त्या बाकावर उच्चारता आलं नसतं. मी विचारलं, शेवटी शिवला का? म्हणे, हो, काका म्हणाले याला आम्ही शिकवू, इंजिनियर करू, तेव्हा शिवला. मी म्हटलं, मग बाबांना काय ऐकायचं होतं ते तूच सांग मला. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग रडला, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, हे मला त्याच्या आईनं नंतर सांगितलं. मी येशूचं नाव घेतलं नाही. मनात घेतलं. मी पिंडदान मानतो का, नाही मानत. पण तो प्रश्न पिंडाचा नव्हताच, आणि ज्याला हे कळत नाही त्यानं शाळेत येऊ नये, खुशाल मंडळी घ्यावी. एका ज्येष्ठ पाळकांनी या गोष्टीवरनं मला चांगलंच झापलं होतं, म्हणे साक्ष द्यायची, येशूबद्दल सांगायची संधी घालवलीस. असेल बुवा.

बाकी किरकोळ : नेमणुकीचं पत्र कोणाचं आहे ते नीट बघ, शाळेचं की चर्चच्या बोर्डाचं, कारण दोघांचं वाजलं की मधे तू चेपतोस. खोली देतील तिच्या दाराला काच असू दे, नसेल तर बसवून घे, मुलाशी बोलताना दार बंद नको, रात्री मुलांशी चॅटिंग नको. हिंदी सुधार, इंदुरी हिंदी. इथली मराठी मुलंही घरी आईशी मराठी आणि तुझ्याशी "मेरे को" करतील, आणि तुला भिया (भाऊ) म्हटलं तर तो अपमान समजू नकोस. पोह्यांवर जिरावन मसाला घालतात त्यालाही नाही म्हणू नकोस.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत, मिशनच्या शाळेत आहे. शाळा चांगली आहे, खोटं का बोलू. पण दर बुधवारी तो चॅप्लेन सरांकडे बसतो आणि परवा देवासमोर उदबत्ती लावताना "हे हमारे स्वर्गिक पिता" म्हणायला लागला. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलंय, काढा म्हणतात शाळेतून. मलाही आतून धाकधूक वाटते. मुलाला बाटवतील का हो?
(एक आई, सुदामा नगर)

उत्तर : ताई, धाकधूक वाटते यात तुमचं काही चुकलं नाही, आई आहात. आणि मी स्वतः त्याच धंद्यातला असल्यामुळे माझं ऐकून निश्चिंत व्हा असंही म्हणणार नाही, कायदा काय म्हणतो ते सांगतो.

राज्यघटनेचं कलम 28, त्यातला तिसरा पोटभाग. सरकारनं मान्यता दिलेल्या किंवा अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शाळेत विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसायची सक्ती करता येत नाही, त्याची स्वतःची संमती लागते आणि तो अज्ञान, म्हणजे 18 वर्षांखालचा असेल तर पालकांची. म्हणजे तुमची. कलम 30 नं अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, तो खरा आहे, पण तुमचा हा हक्क त्यानं कमी होत नाही. तर प्रिन्सिपलना दोन ओळींचं पत्र द्या की माझ्या मुलाला प्रार्थनेच्या वर्गाला बसवू नये, आणि त्याची पोच घ्या. चांगली शाळा असेल तर तुम्हाला चहा पाजेल आणि बुधवारी त्याला लायब्ररीत बसवेल.

बाटवण्याचं म्हणाल तर मध्यप्रदेशात त्याच्याविरुद्ध 1968 पासून कायदा आहे, 2021 मधे तो नवीन आणि जास्त कडक झाला, अज्ञान मुलाचं धर्मांतर फसवून किंवा आमिष दाखवून केलं तर 2 ते 10 वर्षं कैद. चॅप्लेन काय अंटार्क्टिकाहून आलेला नसतो, त्यालाही हे माहीत असतं, आणि खरं सांगतो, आजकाल उलटी भीती जास्त आहे, मुलानं "सर, येशू कोण होता" विचारलं तरी बिचारा आजूबाजूला बघून उत्तर देतो.

तरीपण. अतिउत्साही लोक असतात, मी पाहिलेत. एकानं पाचवीच्या मुलांना पत्रकं वाटली होती, घरी दाखवू नका म्हणून. मी स्वतः जाऊन त्याच्याशी भांडलो, कारण जे घरी दाखवू नका म्हणून दिलं जातं ते शुभवर्तमान असो की चॉकलेट, ते वाईटच. तर मुलाला उलटतपासणी न घेता विचारा, बुधवारी काय काय करता रे, आणि "घरी सांगू नकोस" असं काही आहे का तेवढं ऐका. ते असेल तर पत्र न लिहिता सरळ प्रिन्सिपलच्या केबिनमधे जाऊन बसा.

नसेल तर सासूबाईंना माझ्या घरातली गोष्ट सांगा. आम्ही पूर्वी लोकमान्य नगरात भाड्यानं राहायचो, शेजारच्या काकू रोज दिवेलागणीला रामरक्षा म्हणायच्या, माझी मुलगी त्यांच्या ओसरीवर भातुकली मांडून बसायची, चार वर्षांची असताना तिला रामरक्षा पाठ, आणि माझ्या घरी प्रार्थनेला आलेल्या वडीलधाऱ्यांसमोर एकदा तिनं ती सुरू केली. त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. मुलगी आज 31 वर्षांची आहे, दर रविवारी चर्चमधे पेटी वाजवते, आणि वीज कडाडली की अजून रामरक्षाच म्हणते.

तुमचा मुलगा बुधवारी तिथे का जातो हे मात्र शोधा. प्रार्थना पाठ होणं सोपं आहे, ती ऐकून ऐकून होते. पण सहावीतला मुलगा दर आठवड्याला एका मोठ्या माणसाजवळ आपणहून जाऊन बसत असेल तर त्याला काहीतरी बोलायचं असतं.

प्रश्न : आमच्या चर्चचे एक पास्टर शाळेत चॅप्लेन आहेत. शाळेच्या गणपतीत ते आरतीच्या वेळी उभे होते असा फोटोच आहे. हे बायबलला धरून आहे का? मंडळीत यावर चर्चा व्हायला हवी.
(मंडळीचा एक सभासद)

उत्तर : बंधू, फोटोत ते उभे आहेत, आरती म्हणतायत का? नाही ना. मग शाळेतले सगळे उभे असताना त्यांनी काय खुर्चीवर बसून राहायचं होतं? पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 8 वा अध्याय काढा, मूर्तीपुढे ठेवलेलं खावं की नाही यावर तिथली मंडळी भांडत होती, त्यात त्याचा सगळा जोर दुसऱ्याच्या मनाला ठेच लागू नये यावर आहे. तुमच्या मनाला ठेच लागली असेल तर पास्टरांशी घरी जाऊन बोला, फोटो फॉरवर्ड करू नका. आणि हो, अनंत चतुर्दशीच्या झांक्या (मिरवणुकीतले देखावे) बघायला मी दर वर्षी सहकुटुंब रात्रभर जागतो, मिलवाल्यांच्या झांक्या, त्याचेही फोटो मिळतील तुम्हाला.

प्रश्न : चॅप्लेनला फादर म्हणायचं की पास्टर की सर? पीटीएममधे (शाळेच्या पालक-सभेत) दर वेळी गोंधळ होतो.
(एक बाबा, विजय नगर)

उत्तर : कॅथलिक धर्मगुरू असतील तर फादर, ते लग्न करत नाहीत. संन्यस्त पण याजक नसलेले ते ब्रदर, बाई असतील तर सिस्टर. प्रोटेस्टंट असतील तर पास्टर किंवा रेव्हरंड, मराठी ख्रिस्ती लोकांत पाळकसाहेब. मला मुलं "चॅपलिन सर" म्हणायची, चार्ली चॅप्लिनचं चॅपलिन, आणि मी ते कधी दुरुस्त केलं नाही. सर म्हणा, चालतं.

प्रश्न : मी वर्षभरापासून एका शाळेत चॅप्लेन आहे. आठवीतल्या एका मुलीनं मला तिच्या ट्यूशनच्या सरांबद्दल काही सांगितलं. जे सांगितलं ते इथे लिहीत नाही, तुम्ही समजून घ्या. सांगायच्या आधी तिनं माझ्याकडनं वचन घेतलं की कोणाला सांगणार नाही, आणि मी दिलं. आता झोप लागत नाही. पाळकाला सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवायची असते ना?
(नाव नको)

उत्तर : हे पत्र सोमवारी दुपारी माझ्या हातात पडलं आणि खाली फोन नंबर होता म्हणून बरं, मी मासिक छापून यायची वाट बघितली नाही, तिथल्या तिथे फोन केला. जे बोललो ते त्यांच्या परवानगीनं थोडक्यात देतो, कारण हे वाचणारे आणखी शिक्षक असतील.

कॅथलिक पाळतात तो पापनिवेदनाचा गुप्ततेचा नियम पाप कबूल करणाऱ्यासाठी आहे. या मुलीनं काही कबूल केलेलं नाही, तिच्यावर झालंय. आणि कायद्याला तर आपला झगा दिसतच नाही. 2012 चा पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, कलम 19 : 18 वर्षांखालच्या मुलाबाबत असा गुन्हा झाल्याचं ज्याला कळेल, किंवा होईल अशी शंका येईल, त्यानं पोलिसांना कळवलंच पाहिजे. पाद्री, पंडित, मौलवी, कोणालाच सूट नाही. न कळवलं तर कलम 21, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबत असेल तर वर्षापर्यंत. शाळेची बदनामी होईल म्हणून आधी आपसात मिटवू असं कोणी म्हणालं तर त्याला हे कलम वाचून दाखवायचं.

ते म्हणाले, पण वचन दिलंय. मी म्हटलं, वचन चुकीचं दिलंत, आता ते मोडायचं पण तिच्या पाठीमागे नाही. आधी तिला सांगा की मी चुकलो, हे मला एकट्याला ठेवता येणार नाही, मी कोणाकोणाला सांगणार आहे आणि का. ती चिडेल, रडेल, तुमच्याशी बोलणं बंद करेल, ते सोसायचं. आणि तिला पोलिसांची भीती वाटत असेल तर हेही सांगा : जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला सब-इन्स्पेक्टर, वर्दीत नाही, आईवडील किंवा तिच्या विश्वासाचं माणूस जवळ असतं, रात्री तिला ठाण्यात थांबवता येत नाही, नाव कुठे छापता येत नाही. 1098 वर फोन केला तर चाइल्ड हेल्पलाइनचे लोकही मदतीला येतात. तिला पुन्हा पुन्हा तीच हकीकत विचारू नका, एकदा ऐकलंत तेवढी पुरे, तिच्याच शब्दांत तारीख टाकून लिहून ठेवा. आणि तुम्हाला स्वतःला झोप लागत नसेल तर 14416, टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चॅप्लेननं फोन केला तर हसत नाहीत.

मी शाळेत होतो तेव्हा मुलं "कोणाला सांगू नका हं" म्हणाली की आधी एक वाक्य म्हणायचो : तुला कोणी त्रास देत असेल किंवा तू स्वतःला काही करणार असशील तर मी सांगणार, बाकी सगळं माझ्याजवळ. काही मुलं हे ऐकून उठून जायची. त्यातली बरीचशी आठवड्याभरात परत यायची.

मंगळवारी सकाळी ते आधी मुलीशी बोलले, मग प्रिन्सिपल मॅडमशी, मग आईला बोलावून तिघं ठाण्यात गेले. तक्रार नोंदवली गेली. मुलगी सध्या मावशीकडे राहते, शाळेत येते. चॅप्लेन सरांशी बोलत नाही. परवा मधल्या सुट्टीत येऊन स्टेपलर मागून घेऊन गेली म्हणे.